दुकान विक्रेत्याचे, गल्ला मध्यस्थाचा
ऑनलाइन बाजारातील शुल्क आणि पैसे देण्याचे नियम यांमुळे छोट्या व्यापाऱ्यांची कोंडी

बंगळूर शहराने गेल्या दोन दशकांत भारतातील खरेदी-विक्रीची रीतच बदलून टाकली. २००७ मध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी येथे 'फ्लिपकार्ट' सुरू केले, तेव्हा त्यावर केवळ पुस्तके मिळत. २०१३ मध्ये 'ॲमेझॉन'ने भारतीय ग्राहकांसाठी आपले दालन उघडले आणि कारभाराचे केंद्र म्हणून याच शहराची निवड केली. २०१५ मध्ये 'मीशो' या कंपनीचा जन्मही येथेच झाला. चिकपेटेतील कापडाच्या पेढ्या, ॲव्हेन्यू रोडवरील पुस्तकांची दुकाने आणि एस. पी. रोडवरील विद्युत साहित्याचे गाळे यांच्यापासून हाकेच्या अंतरावर देशातील सर्वांत मोठ्या ऑनलाइन बाजारांची सूत्रे हलू लागली.

या बाजारांची नावे घरोघरी पोहोचली आहेत. त्यांवर विकला जाणारा माल मात्र बहुतांशी या कंपन्यांचा नसतो. तो सोलापूरच्या चादर विक्रेत्याचा, सुरतेच्या साडी व्यापाऱ्याचा, कोल्हापूरच्या चप्पल कारागिराचा किंवा बंगळूरमधील एखाद्या लहान दुकानदाराचा असतो. या विक्रेत्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे जवळपास त्याच राहिल्या आहेत. शुल्क केव्हा वाढेल याचा भरवसा नाही, विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर हाती येत नाहीत आणि दाद मागायची तर ती त्याच कंपनीकडे मागावी लागते. या तक्रारींचे मूळ शोधण्यासाठी ऑनलाइन व्यापाराच्या आरंभीच्या काळाकडे, म्हणजे लिलावाच्या संकेतस्थळांकडे वळणे आवश्यक ठरते.

लिलावापासून सुरुवात

सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिद्यार यांनी अमेरिकेत 'ऑक्शनवेब' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे 'ईबे' म्हणून जगभर प्रसिद्धीस आले. कोणीही वस्तू मांडावी, कोणीही बोली लावावी आणि सर्वाधिक बोलीस वस्तू विकली जावी, अशी ही सोपी योजना होती. कंपनीचे उत्पन्न दुहेरी होते. वस्तू मांडण्याचे शुल्क आधी आकारले जाई आणि विक्री झाल्यास किमतीचा काही हिस्सा नंतर घेतला जाई.

या योजनेला पहिला मोठा तडा २००८ मध्ये गेला. त्या वर्षी जानेवारीत ईबेने वस्तू मांडण्याचे शुल्क कमी केले, परंतु विक्रीनंतरचा हिस्सा वाढवला. २५ डॉलरपर्यंतच्या वस्तूंवर तो सव्वापाच टक्क्यांवरून पावणेनऊ टक्के झाला. त्याच सुमारास विक्रेत्यांनी ग्राहकांविषयी प्रतिकूल अभिप्राय नोंदवण्याची सोय काढून घेण्यात आली आणि काही व्यवहारांतील रक्कम २१ दिवसांपर्यंत रोखून धरण्याचे धोरण आले. लहान विक्रेत्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये आठवडाभर विक्रीवर बहिष्कार टाकला. कंपनीने मूळ धोरण बदलले नाही.

ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी प्रश्न पैसे देण्याच्या पद्धतीचा होता. ईबेने तेथील जवळपास सर्व व्यवहार आपल्याच मालकीच्या 'पेपाल' सेवेमार्फत व्हावेत असा नियम करण्याचे ठरवले. तेथील स्पर्धा नियामकाने त्यास प्रतिकूल मत दिले आणि जुलै २००८ मध्ये कंपनीने तो बेत मागे घेतला. या दोन घटनांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. विक्रेत्यांचा बहिष्कार जेथे निष्फळ ठरला, तेथे नियामकाचा शब्द परिणामकारक ठरला.

भारतातील डाव

भारतात लिलावाचा हा प्रयोग 'बाझी डॉट कॉम'ने केला. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी २००० मध्ये मुंबईत ही कंपनी स्थापन केली. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतली. भारतातील ग्राहक अनोळखी विक्रेत्यास आगाऊ पैसे देण्यास कचरतो हे ओळखून येथे 'पैसापे' ही व्यवस्था राबवण्यात आली. ग्राहकाची रक्कम आधी मध्यस्थाकडे जमा होई आणि माल पोहोचल्यानंतर ती विक्रेत्यास मिळे. ग्राहकाच्या दृष्टीने हे संरक्षण होते. विक्रेत्याच्या दृष्टीने मात्र माल हातचा गेला आणि पैसा हाती आला नाही, अशी ती मधली अवस्था होती. आजच्या सर्व ऑनलाइन बाजारांत हीच मधली अवस्था कायम आहे.

परदेशात माल पाठवणाऱ्यांची अडचण वेगळी होती. जुनी नाणी, टपाल तिकिटे, खडे, हस्तकलेच्या वस्तू विकणारे अनेक लहान निर्यातदार पेपालवर अवलंबून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपालने भारतातील वैयक्तिक देवाणघेवाण आणि येथील बँकांत पैसे वळवण्याची सोय अचानक स्थगित केली. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१० च्या नियमांनंतर १ मार्च २०११ पासून प्रत्येक व्यवहारास ५०० डॉलरची मर्यादा आली. खात्यात आलेली रक्कम सात दिवसांत बँकेत वळवणे बंधनकारक झाले आणि त्या रकमेतून परस्पर खरेदी करण्यास मनाई झाली. परकीय चलनाच्या व्यवहारांवर देखरेख ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा हेतू रास्तच होता. तथापि सातशे डॉलरचा गालिचा विकणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर त्या वेळी नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये मर्यादा ३,००० डॉलर आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर करण्यात आली, तेव्हा ही कोंडी सुटली.

ईबेचा भारतातील डाव मात्र फार काळ रंगला नाही. २०१७ मध्ये कंपनीने फ्लिपकार्टमध्ये गुंतवणूक करून आपला भारतीय व्यवसाय त्या कंपनीकडे सोपवला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. तत्पूर्वी मे २०१८ मध्ये 'वॉलमार्ट'ने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला होता. लिलावाचा हातोडा थांबला आणि ठरावीक किमतीच्या दालनांचा काळ पुरता स्थिरावला. शुल्क आणि रोखून धरलेला पैसा या दोन्ही गोष्टी मात्र नव्या दालनांतही तशाच राहिल्या.

पाचशे रुपयांचा हिशेब

ऑनलाइन बाजारातील शुल्क एकच नसते. विक्रीच्या किमतीवर टक्केवारीने दलाली असते. प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम असते. पैसे गोळा करण्याचा आकार असतो. वजन आणि अंतर यांनुसार वाहतुकीचा खर्च असतो. गोदामाची सोय घेतल्यास त्याचे भाडे असते आणि शोधयादीत माल वर दिसावा असे वाटत असल्यास जाहिरातीचा खर्चही असतो. या सर्व सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो.

हा हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. कर वगळून पाचशे रुपये किमतीची एक चादर विकली गेली. दलाली १२ टक्के धरल्यास ६० रुपये, ठरावीक शुल्क २५ रुपये, पैसे गोळा करण्याचा आकार १० रुपये आणि वाहतूक ६५ रुपये, असे १६० रुपये वजा होतात. उरलेल्या ३४० रुपयांतून चादरीची मूळ किंमत २८० रुपये आणि वेष्टनाचे १५ रुपये गेले की विक्रेत्यास ४५ रुपये सुटतात. येथवर व्यवहार बरा दिसतो.

खरी मेख परत येणाऱ्या मालात आहे. दहा चादरी पाठवल्या आणि दोन परत आल्या असे समजू. आठ चादरींवर ३६० रुपये मिळाले. परत आलेल्या प्रत्येक चादरीमागे दोन्ही वेळची वाहतूक १३० रुपये आणि वाया गेलेले वेष्टन १५ रुपये, म्हणजे १४५ रुपये अंगावर पडले. दोन चादरींचे २९० रुपये वजा जाता दहा चादरींच्या व्यवहारात हाती केवळ ७० रुपये राहिले. तिसरी चादर परत आली तर ७० रुपयांच्या नफ्याऐवजी १२० रुपयांचा तोटा होतो. परत आलेली चादर मळलेली किंवा फाटलेली निघाली, तर तोटा आणखी वाढतो.

या उदाहरणातील आकडे प्रत्येक संकेतस्थळावर आणि प्रत्येक वस्तूसाठी वेगळे असतील. परंतु त्यातून एक गोष्ट निश्चितपणे लक्षात येते. ज्याचा नफा दहा टक्क्यांच्या आत आहे, त्याच्यासाठी वाहतुकीच्या दरातील दहा रुपयांची वाढ किंवा माल परत करण्याच्या मुदतीतील आठवड्याचा फरक हा धंदा चालणे आणि बंद पडणे यांतील फरक असतो. हे दर आणि या मुदती कंपनी एकतर्फी ठरवते. विक्रेत्यास त्या मान्य असतील तर त्याने विकावे, नसतील तर आपला माल काढून घ्यावा, एवढाच पर्याय असतो.

अडकलेले भांडवल

शुल्काइतकाच जाचक प्रश्न वेळेचा आहे. वरील विक्रेत्याच्या दररोज दहा चादरी खपतात आणि प्रत्येकीचे ३४० रुपये पंधरा दिवसांनी मिळतात असे धरल्यास, कोणत्याही दिवशी त्याचे ५१,००० रुपये दुसऱ्याच्या ताब्यात असतात. कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यास मात्र पैसे रोख किंवा ठरलेल्या उधारीच्या मुदतीत द्यावे लागतात. सणासुदीला विक्री दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट होते. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा माल भरण्यासाठी पैशाची निकड सर्वांत अधिक असते, तेव्हाच गल्ला रिकामा असतो. खाते एखाद्या तक्रारीवरून गोठवले गेले, तर चौकशी होईपर्यंत ही संपूर्ण रक्कम अडकून पडते.

रिझर्व्ह बँकेने या प्रश्नात प्रथम २४ नोव्हेंबर २००९ रोजी लक्ष घातले. ऑनलाइन व्यवहारांत मध्यस्थाकडे येणारी रक्कम त्याने हवी तशी वापरू नये आणि ती विक्रेत्यास दोन ते तीन दिवसांच्या हिशेबाने पोहोचावी, असे निर्देश देण्यात आले. १७ मार्च २०२० च्या सविस्तर मार्गदर्शक तत्त्वांनी मुदती आणखी स्पष्ट केल्या. माल पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची आहे यावर त्या अवलंबून होत्या. परंतु परतीची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवावी असे करारात नमूद असेल, तर ती मुदत संपल्यानंतर एका दिवसात पैसे द्यावेत, अशीही तरतूद त्यात होती. हा करार व्यवहारात कंपनीच तयार करते आणि विक्रेता त्यास केवळ संमती देतो. त्यामुळे नियमाने दिलेले संरक्षण कराराच्या एका कलमाने लांबणीवर पडू शकते.

शिवाय ही तत्त्वे आगाऊ भरलेल्या रकमांसाठी होती. माल हाती पडल्यावर रोख रक्कम देण्याचे व्यवहार त्यांच्या कक्षेबाहेर होते. भारतातील लहान शहरांत आणि ग्रामीण भागांत अशा व्यवहारांचे प्रमाण मोठे राहिले आहे आणि माल नाकारला जाण्याचा धोकाही त्यांतच सर्वाधिक असतो.

लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत यासाठी २००६ चा कायदा आहे, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. तथापि त्या कायद्याचा रोख माल विकत घेणाऱ्यावर आहे. ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी स्वतः माल विकत घेत नाही, ती मध्यस्थ असते. त्यातच २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना लघुउद्योगांच्या व्याख्येत पुन्हा स्थान मिळाले, ते केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जांपुरते. चादर विणणाऱ्याला कायद्याचा काही आधार मिळू शकतो, चादर विकणाऱ्याला तोही नाही, अशी ही स्थिती आहे.

कराचा दुहेरी फेरा

कर्नाटकात या विक्रेत्यांना कराच्या बाजूनेही धक्के बसले. २०१४ मध्ये राज्याच्या वाणिज्य कर विभागाने ॲमेझॉनच्या गोदामांत माल ठेवणाऱ्या विक्रेत्यांविरुद्ध कारवाई सुरू केली. कंपनीचे गोदाम हे विक्रेत्याच्या व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण मानण्यास विभाग तयार नव्हता. माल ज्याच्या गोदामातून जातो त्याने विक्रीकर भरावा, ही विभागाची भूमिका होती. आपण केवळ सेवा देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. या वादात अनेक लहान विक्रेत्यांना त्या गोदामातून होणारी विक्री थांबवावी लागली. वाद शासन आणि कंपनी यांच्यात होता, झळ मात्र विक्रेत्यास बसली.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्यागणिक वेगळे नियम मागे पडले, परंतु नवे ओझे आले. साध्या दुकानदारास ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट होती, ती ऑनलाइन विक्रेत्यास नव्हती. १ ऑक्टोबर २०१८ पासून विक्रीवर एक टक्का कर संकेतस्थळानेच कापून घेण्यास प्रारंभ झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून प्राप्तिकरापोटी आणखी एक टक्का कपात सुरू झाली. ही रक्कम विवरणपत्र भरल्यावर वळती करून घेता येते. परंतु ज्याचा नफा जेमतेम आहे त्याच्यासाठी दोन टक्के भांडवल काही महिने अडकणे ही लहान गोष्ट नव्हे.

सरकारने पुढे काही दुरुस्त्या केल्या, याची नोंद घ्यावी लागेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विक्री करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना सक्तीच्या नोंदणीतून सवलत मिळाली. जुलै २०२४ मध्ये वस्तू व सेवा करापोटीची कपात अर्ध्या टक्क्यावर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राप्तिकराची कपात दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.१ टक्क्यावर आली. परंतु सोलापूरच्या विक्रेत्याचा ग्राहक बंगळूरमध्ये असेल, तर नोंदणीतील सवलत त्याच्या उपयोगी पडत नाही. राज्याची सीमा ओलांडणे हाच ऑनलाइन विक्रीचा मुख्य लाभ आहे आणि सवलत नेमकी त्या सीमेवर संपते.

जुलै २०२५ मध्ये बंगळूरमध्ये वेगळ्याच प्रकारे हा प्रश्न रस्त्यावर आला. यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांच्या आधारे वाणिज्य कर विभागाने बेकरी, चहाच्या टपऱ्या, भाजी आणि किराणा विक्रेते यांना मागील वर्षांच्या कराबाबत नोटिसा पाठवल्या. अनेक दुकानांतून यूपीआयच्या चौकोनी खुणा उतरल्या आणि केवळ रोख स्वीकारली जाईल अशा पाट्या लागल्या. व्यापाऱ्यांनी २५ जुलै रोजी बंदची हाक दिली. तत्पूर्वी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्यांच्याशी चर्चा करून जुन्या थकबाकीच्या वसुलीबाबत दिलासा देण्याचे आश्वासन दिले. हे विक्रेते ऑनलाइन बाजारातील नव्हते. परंतु पैसे देण्याघेण्याचे नवे साधन स्वीकारताना त्यासोबत येणाऱ्या नियमांची कल्पना छोट्या व्यापाऱ्यास कोणी आधी देत नाही, हे त्या प्रसंगाने पुन्हा दाखवून दिले.

न्यायालयाच्या दारात

मोठ्या कंपन्या आपल्या मर्जीतील मोजक्या विक्रेत्यांना झुकते माप देतात, ही लहान विक्रेत्यांची जुनी तक्रार आहे. परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार या कंपन्यांना स्वतःचा माल थेट ग्राहकास विकता येत नाही. २०१६ च्या नियमांनी एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या विक्रीवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी कंपनीची भागीदारी असलेल्या विक्रेत्यास त्याच संकेतस्थळावर विक्री करण्यास मनाई केली.

दिल्लीतील एका व्यापारी संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्यांनी बंगळूर येथे कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारीत चौकशीस स्थगिती मिळाली. जून २०२१ मध्ये एकसदस्यीय पीठाने आणि जुलैमध्ये खंडपीठाने कंपन्यांच्या याचिका फेटाळल्या. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. चौकशीचा अहवाल २०२४ मध्ये तयार झाला आणि त्यात काही विक्रेत्यांना प्राधान्य दिल्याचे निष्कर्ष असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत. त्यानंतर अनेक उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकत्रितपणे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवल्या.

तक्रारीपासून अहवालापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला. एवढा काळ मोठी कंपनी थांबू शकते, मोठी संघटनाही थांबू शकते. पंधरा दिवसांच्या अडकलेल्या रकमेने मेटाकुटीस येणारा विक्रेता मात्र तेवढा थांबू शकत नाही. ही न्यायव्यवस्थेवरील टीका नसून, या प्रश्नासाठी केवळ न्यायालयाचा मार्ग अपुरा आहे, याची जाणीव आहे.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे म्हणणेही विचारात घेणे न्याय्य ठरेल. देशभर गोदामे, वाहने आणि माणसे यांचे जाळे उभारण्यास प्रचंड भांडवल लागते. ग्राहकास माल परत करण्याची हमी दिल्यामुळेच तो न पाहिलेल्या दुकानातून खरेदी करतो. बनावट माल विकणारे आणि पैसे घेऊन नाहीसे होणारे विक्रेतेही असतात, त्यामुळे काही काळ रक्कम राखून ठेवणे ही ग्राहकाच्या संरक्षणाची गरज आहे. एखाद्या तालुक्याच्या गावातील दुकानदारास देशभरचा ग्राहक मिळतो, तो या जाळ्यामुळेच, हेही नाकारता येणार नाही.

स्पर्धेमुळे काही दर उतरलेही आहेत. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून दलाली न घेण्याचे धोरण स्वीकारले. एप्रिल २०२५ पासून ॲमेझॉनने ३०० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंवरील दलाली रद्द केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लिपकार्टने १,००० रुपयांच्या आतील वस्तूंसाठी तशीच घोषणा केली. तथापि दलाली शून्य झाली म्हणजे खर्च शून्य झाला असे नाही. वाहतूक, परतीचा माल आणि जाहिरात यांचे आकार उरतातच. वरील चादरीच्या उदाहरणात दलाली पूर्णतः काढून टाकली, तरी इतर आकारांचे १०० रुपये राहतात आणि परत आलेल्या चादरीचे १४५ रुपये तसेच राहतात. शिवाय जी सवलत कंपनीच्या इच्छेने मिळाली, ती तिच्याच इच्छेने जाऊही शकते.

बाजार समितीचा धडा

महाराष्ट्रातील वाचकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. आडत, हमाली, तोलाई हे शब्द शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. माल शेतकऱ्याचा, लिलाव अडत्याच्या दारात आणि पट्टी हाती येईपर्यंत किती कापले गेले याचा पत्ता नाही, ही परिस्थिती बदलण्यासाठीच १९६३ मध्ये महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा झाला. कर्नाटकातही १९६६ मध्ये तसा कायदा आला. उघड लिलाव व्हावा, कपातीचे दर जाहीर असावेत, मालाचे पैसे विनाविलंब मिळावेत आणि वाद झाल्यास तो ऐकण्यासाठी एक तिसरी संस्था असावी, ही त्या कायद्यांमागची सूत्रे होती. समित्यांच्या कारभारात पुढे अनेक दोष शिरले. आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, हा निर्णय फळे आणि भाजीपाल्याबाबत २०१६ पर्यंत लांबला आणि तेव्हाही व्यापाऱ्यांनी संप केला. तरीही सूत्रे चुकीची होती असे कोणी म्हणत नाही.

ऑनलाइन बाजारात जागा कंपनीची, नियम कंपनीचे, काटा कंपनीचा, गल्ला कंपनीचा आणि न्यायनिवाडाही कंपनीचाच आहे. बाजार समितीपूर्वीच्या अडत्याकडेही एवढे अधिकार एकवटलेले नव्हते.

पुढील दिशा

अन्य देशांत या दिशेने पावले पडली आहेत. युरोपीय संघाचा २०१९ चा नियम १२ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार अटी बदलण्यापूर्वी विक्रेत्यास किमान १५ दिवसांची सूचना द्यावी लागते, खाते कायमचे बंद करायचे असल्यास सर्वसाधारणपणे ३० दिवस आधी कारणे कळवावी लागतात आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था ठेवावी लागते. यात दर किती असावेत हे सरकार ठरवत नाही. बदल अचानक आणि अकारण होऊ नये, एवढेच ते पाहते.

भारतात २०२० मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-वाणिज्याचे नियम झाले. त्यांचा भर स्वाभाविकपणे ग्राहकावर आहे. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने चर्चेसाठी प्रसिद्ध केला, परंतु तोही अत्यंत मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धाविरोधी वर्तनापुरता होता. विक्रेत्याच्या दैनंदिन अडचणींसाठी स्वतंत्र चौकट अद्याप घडलेली नाही.

यासंदर्भात कर्नाटकाचेच एक उदाहरण मार्गदर्शक ठरू शकते. २०२५ मध्ये राज्याने ॲपवर काम करणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना आणि काम बंद करताना लेखी कारण देण्याचे बंधन त्यात आहे. मालाची पेटी घरपोच नेणाऱ्यास जे संरक्षण मिळाले, ते ती पेटी भरणाऱ्या विक्रेत्यास नाही. बंगळूरमधील रिक्षाचालकांच्या पाठिंब्याने २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'नम्म यात्री'ने प्रत्येक फेरीवर दलाली घेण्याऐवजी दिवसाला २५ रुपये आकारण्याची पद्धत आणली. पुढे मोठ्या कंपन्यांनीही रिक्षांसाठी तशीच वाट धरली. केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभारलेल्या 'ओएनडीसी' या खुल्या जाळ्याची सार्वजनिक चाचणीही सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहरात झाली. पर्याय उभा राहिला की दर आपोआप सुधारतात, हा या प्रयोगांचा बोध आहे.

पर्याय उभे राहण्यास वेळ लागेल. तोपर्यंत चार गोष्टी कोणत्याही मोठ्या खर्चाविना करता येण्याजोग्या आहेत. सर्व कपातींचा एकत्रित आकडा विक्रीपूर्वी दाखवणे, दरवाढीची पुरेशी पूर्वसूचना देणे, रोख व्यवहारांसह सर्व रकमा देण्याची कमाल मुदत कायद्याने ठरवणे आणि गोठवलेल्या खात्याविरुद्ध कंपनीबाहेरील अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय करणे. यांतील एकही मागणी व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारी नाही.

बाझीपासून आजपर्यंतच्या पाव शतकात संकेतस्थळांची नावे बदलली, मालक बदलले, बोलीच्या जागी ठरावीक किमती आल्या. आपण विकलेल्या मालाचे किती पैसे मिळणार आणि ते केव्हा मिळणार, हे दोन प्रश्न विचारणारा विक्रेता मात्र त्याच जागी उभा आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला माल मांडण्यापूर्वी मिळू लागली, तरच हा नवा बाजार त्याचाही आहे, असे म्हणता येईल.